राहिलं का कोणी?

एकशे साठ पोरींच्या वरणाला मीठ किती लागतं, हे मला अजूनही तोंडानं सांगता येत नाही. ते माझ्या मुठीला ठाऊक. नोकरी संपल्यावर लातूरला लेकीकडं राहायला आले, तर चार माणसांच्या वरणातही मूठ जायची ती जायचीच. जावई भला माणूस. पाण्याचा तांब्या जवळ ओढून घ्यायचा आणि "छान झालंय आई" म्हणायचा. आठव्या दिवशी लेकीनं माझ्या हातात चमचा दिला आणि म्हणाली, "तुझं हॉस्टेल सुटलं आता. ह्यानं घाल."

ह्या अंकाच्या संपादक सरांनी अनुभव लिहायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना म्हणाले, "अहो, पोळीचा काय अनुभव लिहायचा? ती फुगते, नाहीतर फुगत नाही." ते काही ऐकेनात. मग एकच गोष्ट सांगायची ठरवली. तिच्यात मी शहाणी दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते.

किनवट तालुक्यातल्या एका निवासी आश्रमशाळेत मी अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक केला. लागले तेव्हा तिथले एक गुरुजी माझ्या हातचं पाणी घेत नसत. कारण बोलत नसत, पण आम्ही बौद्ध, मला ते समजायला वेळ लागला नाही. तीन वर्षांनी तेच गुरुजी रविवारी लोणच्याची रिकामी बरणी घेऊन यायला लागले. मी भरून द्यायची आणि म्हणायची, "झाकण घट्ट लावा गुरुजी, कोणी बघंल." ते हसायचे, पण खाली मान घालून.

बाहेरच्यांना वाटतं, स्वयंपाकीण म्हणजे रांधायचं आणि वाढायचं. अर्धं काम तर अंदाजाचं असतं. जूनमध्ये पहिले पंधरा दिवस भात निम्माच टाकायचा, कारण नव्या पोरी रडत असतात आणि रडणारं लेकरू खात नाही. परीक्षेच्या आठवड्यात भात वाढवायचा. पालक भेटून गेले त्या दिवशी पोळ्या कमी करायच्या, पोरींची पोटं घरच्या खाऊनं भरलेली असतात. मला पोरींची नावं सहा-सहा महिने पाठ होत नसत. मी त्यांना ताटावरून ओळखायची. अधीक्षिका मॅडम हजेरी घ्यायच्या, मी ताटं मोजायची. हजेरीला एकीच्या नावावर दुसरी "हजर" म्हणून ओरडते. ताट काही ओरडत नाही, म्हणून माझा हिशेब पक्का असायचा.

माझ्या पंगतीला एक नियम होता आणि तो मीच लावलेला. सगळ्यांना वाढून झालं की एका पोरीनं उभं राहून मोठ्यानं विचारायचं, "राहिलं का कोणी?" प्रत्येकीनं डावीकडं बघायचं, उजवीकडं बघायचं. कोणी राहिलं नसेल तर सगळ्यांनी मिळून "न्हाई!" म्हणायचं आणि मगच घास उचलायचा. एकीनं जरी "राहिलं" म्हटलं, तर त्या राहिलेलीला वाढेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

हा नियम काही मला उगीच सुचला नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी पहिलीतली एक चिमुरडी ताप भरून कोठीत तांदळाच्या पोत्यांमागं झोपली. पंगत उठली, भांडी झाली, कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. सकाळी तांदूळ काढायला गेले तर ती डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "मावशी, काल जेवण नव्हतं का?" तिला वाटलं, कोणालाच मिळालं नसेल. मी तिथंच पोत्यावर बसून रडले. त्या दिवसापासून ताटं मोजायची आणि विचारायचं, दोन्ही सुरू झालं.

पोरींनी तो नियम असा अंगी बाणवून घेतला की विचारू नका. एकदा तपासणीला साहेब आले होते. ताट पुढ्यात येताच त्यांनी घास मोडला, आणि तेवढ्यात पोरगी उभी राहिली, "राहिलं का कोणी?" साहेबांचा घास हातातच. तिसरीतल्या एका पोरीनं खिडकीतून बाहेर बघितलं आणि ओरडली, "राहिलं! गाडीतला दादा राहिला!" साहेबांचा ड्रायव्हर बाहेर जीपमध्ये बसून होता. एकशे साठ पोरी साहेबांच्या हाताकडं बघायला लागल्या. साहेबांनी घास खाली ठेवला आणि ड्रायव्हरला आत बोलावलं. शेऱ्यात त्यांनी "शिस्त उत्तम" लिहिलं, आणि मी महिनाभर भलत्या तोऱ्यात फिरले.

आता जंगूचं सांगते. जंगुबाई ही कोलामांच्या पोडावरची पोरगी. पोड म्हणजे जंगलातली पंधरा-वीस घरांची वस्ती. अंगानं काटकुळी, सहावीत शिकायची, बोलायची कमी. तांदूळ निवडायला बसली की गुणगुणायची, तेवढाच तिचा आवाज. त्या वर्षी ती दोनदा वसतिगृहातून पळाली होती. दोन्ही वेळा रेल्वेचा रूळ धरून चालत थेट पोडावर. दुसऱ्यांदा बाप तिला घेऊन आला तेव्हा सगळ्यांसमोर सांगून गेला, "आता तिसऱ्यांदा पळाली तर दाखलाच काढून नेतो. मग तिच्या लग्नाचंच बघतो." का पळतेस म्हणून मॅडमनी विचारलं, मुख्याध्यापक सरांनी विचारलं, मीही विचारलं. ती तोंड उघडायची नाही. आणि माझ्या लक्षात आलेली आणखी एक गोष्ट म्हणजे पंगतीत सगळ्या "न्हाई!" म्हणायच्या तेव्हाही तिचे ओठ मिटलेलेच असायचे. मला वाटायचं, आडमुठी आहे.

त्या हिवाळ्यात शाळेला निरोप आला. लातूरची एक नाटक मंडळी लेकरांसाठी संगीत नाटक घेऊन नांदेडला येणार होती, दुपारचा प्रयोग, खास शाळांसाठी. सहावी-सातवीच्या चाळीस पोरी न्यायचं ठरलं. बहुतेकींनी नांदेड पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर नाटक मीही पाहिलं नव्हतं. अधीक्षिका मॅडम नव्या होत्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी जंगूच्या नावावर काट मारली.

"शांताबाई, ती पळाली तर मी कोणाला तोंड दाखवू?"

मी म्हणाले, "मॅडम, चाळिसातली एक मागं ठेवायची, मग मी रोज पंगतीत काय विचारते? माझ्या जबाबदारीवर येऊ द्या तिला."

"बघा हं. लिहून घेईन."

"घ्या की लिहून. सही करते."

आणि मी खरोखरच सही केली. मोठ्या झोकात, पूर्ण नावानिशी.

सकाळच्या रेल्वेगाडीनं निघालो. बरोबर मॅडम, मी आणि शिपाई गंगाधरमामा. पोरींच्या पिशव्यांत चाळीस स्टीलचे डबे, प्रत्येकात तीन पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. जंगूला मी खिडकीशी, माझ्या शेजारी बसवली. ती बाहेर रुळाकडं बघत होती आणि मधेच बोलली, "मावशी, ह्या पुलाखाली पाणी हाय. म्होरच्या पुलाखाली न्हाई." अगं माय! पोरीला सगळे पूल पाठ होते. पण सही करून बसले होते. कोणाला सांगणार?

नाट्यगृह पाहून पोरी आधी खुर्च्यांवरच भाळल्या. उठलं की मिटते, बसलं की उघडते. दहा मिनिटं नुसती उठबस चालली होती. मग पडदा वर गेला. बाजूला पेटीवाला आणि तबलेवाला बसले होते, ते वाजवायला लागले तसं एक पोरगी कुजबुजली, "मावशी, टेप न्हाई! खरंच वाजवून राहिले!" आणि पुढं दीड तास चाळीस पोरी पापणी लवू देईनात.

नाटकात एक राजा होता आणि त्याच्या मुदपाकखान्यात राबणारी एक अनाथ मुलगी. दिवसभर रांधायची ती, खायचे दुसरे. राजवाड्यात मेजवानी होते. सगळे दरबारी ताटं घेऊन, पदार्थांची नावं घेत, नाचत गातात. मी माझ्या धंद्याच्या नजरेनं बघत होते. पुऱ्या पुठ्ठ्याच्या होत्या आणि एकही धड फुगलेली नव्हती. पण गाणं असं की तोंडाला पाणी सुटावं. आणि ती मुलगी खांबाला टेकून उभी. तिला कोणी विचारीत नाही. ती एकटी गाते, हळू आवाजात.  तिथंच पडदा पडला आणि मध्यंतर झालं.

दिवे लागले. डबे उघडले. सातवीतल्या मीराची त्या दिवशी विचारायची पाळी होती. ती नाट्यगृहात खुर्चीवर उभी राहिली आणि शाळेतल्यासारखीच ओरडली, "राहिलं का कोणी?"

पोरींनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. आणि जंगू बोलली. कधी न बोलणारी जंगू.

"राहिलं."

"कोण गं?" मी विचारलं.

तिनं पडद्याकडं बोट केलं. "ती राहिली की. वरची."

आजूबाजूला नांदेडच्या शाळांची लेकरं होती, ती खो खो हसायला लागली. त्यांच्या बाईही हसल्या. मला लाज वाटली. आपली पोरगी अडाणी दिसली, असं वाटलं. मी खेकसले, "येडे, नाटक हाय ते! तिचं पोट भरलेलं हाय. खा गप! म्हणा गं सगळ्या, न्हाई!"

पोरी दबकत "न्हाई" म्हणाल्या आणि खायला लागल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी "राहिलं" म्हटलेलं असताना माझ्या पोरींनी घास उचलला होता, आणि तो मीच उचलायला लावला होता. त्या वेळी मला ते काही कळलं नाही. मी आपली चटणी वाढत होते.

मध्यंतर संपायची घंटा झाली. मॅडमनी रांगेवरून नजर फिरवली आणि मान हलवली. मी डबे गोळा केले, पिशवीत टाकता टाकता मोजले. एकोणचाळीस. पुन्हा मोजले. एकोणचाळीस. दिवे मालवत होते तेवढ्यात बघितलं, तर माझ्या शेजारची खुर्ची मिटलेली.

 शेजारच्या पोरीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाथरूमला गेली असंल." बाथरूम बघितलं, नाही. व्हरांडा बघितला, नाही. दारावरच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "बाई, निळ्या ड्रेसच्या दोनशे पोरी हायत, कोणती ध्यानात ठिऊ?" मॅडम बाहेर आल्या आणि माझा चेहरा बघूनच समजल्या. गंगाधरमामा म्हणाला, "पोरगी रूळ धरणार. मी स्टेशनाकडं जातो." आणि रिक्षात बसून गेलासुद्धा.

मॅडमच्या हातात मोबाईल होता. "शांताबाई, मला सरांना कळवावं लागेल. तिच्या वडिलांनाही."

"मॅडम, दहा मिनिटं द्या. तुमच्या पाया पडते. बापाला निरोप गेला की त्या पोरीची शाळा आजच संपली."

"आणि ती गाडीखाली आली तर?"

 मॅडमचे डोळे भरले होते. "दहाच मिनिटं," त्या म्हणाल्या.

मी भर उन्हात रस्त्यावर गेले. लिंबूसरबतवाल्याला विचारलं, केळीवाल्याला विचारलं. रिक्षा, टेम्पो, माणसं नुसती, आणि त्यात बारा वर्षांचं लेकरू, ज्यानं पोडावर दोन मोटरसायकली एकत्र पाहिल्या नसतील. माझ्या मनात सारखे ते पूल येत होते, पाणी असलेले आणि नसलेले. मी स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते इथं लिहीत नाही. नाट्यगृहाला वळसा घालून मागं गेले, कारण आता दुसरं कुठं जायचं तेच सुचत नव्हतं.

मागच्या दारापाशी टेम्पो उभा होता, आणि त्याच्या सावलीत राजा बसला होता. डोक्यावर मुकुट, अंगात जरीचा अंगरखा, पायांत रबरी चप्पल, आणि चहात बिस्कीट बुडवून खात होता. एरवी मी हसून लोळले असते.

"राजेसाहेब," मी म्हणाले, खरंच तसं म्हणाले, "निळ्या ड्रेसची एक पोरगी दिसली का हो?"

"डबेवाली का?" राजा म्हणाला. "आत बसलीय की. जात नाही म्हणती."

  राजानंच मला हाताला धरून पडद्यामागं नेलं. एका कडेला पत्र्याची मोठी ट्रंक होती आणि तिच्यावर माझी जंगू बसलेली. मांडीवर डबा, दोन्ही हातांनी धरलेला. माझा हात उठला होता, खोटं कशाला बोलू. पण तो तिच्या गालावर न जाता डोक्यावर गेला, आणि मी तिला पोटाशी धरून हुंदके द्यायला लागले. राजानं तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं, कारण पलीकडं नाटक चालू होतं.

तेवढ्यात ती नाटकातली मुलगी रंगमंचावरून आत आली. जंगू ताडकन उठली आणि डबा तिच्यापुढं धरला. "आता खा."

मुलीनं अर्धी पोळी मोडून तोंडात कोंबली, चावत चावतच दुसरी ओढणी घेतली आणि मला म्हणाली, "मावशी, तुमची मुलगी का? रागवू नका हो तिला. सकाळी लातूरहून निघालो तेव्हापासून चहाशिवाय पोटात काही नाही. गायचं असलं की आम्ही जेवत नाही, आणि नंतर कोणी विचारत नाही. आता मला एकच गाणं राहिलंय, मघाशी हिला म्हटलं, 'नंतर खाते', तर म्हणे, 'तू खाईपर्यंत मी बसते.'"

आणि ती तोंड पुसत पुन्हा बाहेर पळाली.

म्हणजे ती खरंच राहिली होती! चाळीस पोरी, तीन मोठी माणसं आणि सगळं नाट्यगृह बघत होतं, आणि ते कळलं एकट्या जंगूला. मी मात्र तिला येडी म्हणाले होते.

मॅडमना फोन लावला. "सापडली" एवढंच म्हणाले, तर पलीकडं त्या रडायलाच लागल्या. गंगाधरमामाला स्टेशनवरून परत बोलावलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला समजलं, आणि माझा तर जन्म भांड्यांत गेलेला.

मग मी त्या ट्रंकेवर जंगूशेजारी बसले. उरलेलं नाटक आम्ही दोघींनी कडेनंच बघितलं. हळूच तिला म्हणाले, "चुकलं माझं. तू राहिलं म्हणालीस तेव्हा मी ऐकायला पायजे होतं."  मग मी विचारलं, "जंगे, तू पंगतीत कधीच 'न्हाई' का म्हणत न्हाईस?"



"मावशी, तुमी रोज इचारता. माझी सोमी राहिलेली असती. मी न्हाई कसं म्हणू?"

सोमी तिची धाकटी बहीण, पाच वर्षांची. आईबाप पहाटे हद्दीपलीकडं तेलंगणात कापूस वेचायला गेले की दिवसभर ती शेजारच्यांच्या भरवशावर. दुपारी कोणी हाक मारली तर जेवली, नाहीतर दारात बसून. जंगू पळायची ती तिला जेवू घालायला. आम्ही सगळी शिकलीसवरली माणसं तिला "का पळतेस" विचारत होतो, आणि ती रोज पंगतीत ओठ मिटून उत्तर देत होती.

पुढच्या रविवारी मॅडम आणि मी पोडावर गेलो. पळण्याबद्दल बापाला काही बोललो नाही, ह्या वेळी ती पळाली तरी कुठं होती? सोमीबद्दल बोललो. तो कसनुसा झाला. म्हणाला, "म्या कुठं कुठं बघू?" त्याचंही खोटं नव्हतं. जूनमध्ये सोमीला आमच्याच शाळेत पहिलीत घालायचं ठरलं, आणि पुढं घातलंही. पण जून यायला अजून पाच महिने होते. तोवरची सोय पोडावरच्या अंगणवाडीच्या ताईनं केली. ती म्हणाली, "मी रोज दुपारी हिला माझ्यासमोर बसवून जेवू घालते." मी म्हणाले, "ते जंगूला कळायचं कसं?" पोडावर रेंज नाही. ताई म्हणाली, "टाकीपाशी चढावर गेलं की येती रेंजची एक कांडी. तिथून तुम्हाला मिस कॉल देते. मिस कॉल आला की समजा, सोमी जेवली."

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारची पंगत बसली. वरण-भात, मेथीची भाजी. एकशे साठ ताटं मी मोजली, बरोबर होती. फोन मी पंगतीच्या मधोमध, पाण्याच्या पिंपावर ठेवला होता. कसं कोण जाणे, सगळ्या पोरींना सगळं ठाऊक झालेलं होतं. मीरा उभी राहिली. "राहिलं का कोणी?"

कोणी डावीकडं बघितलं नाही की उजवीकडं बघितलं नाही. सगळ्या फोनकडं बघत बसल्या. वाफा निघायच्या थांबल्या, वरण निवायला लागलं, पहिलीतल्या पोरी ओठ चाटायला लागल्या, पण एकीनं हात लावला नाही. जंगू ताटाकडं बघत होती. मी पळी हातात धरून उभी होते आणि मनात त्या ताईला म्हणत होते, चढ गं बाई, चढ.

फोन एकदाच वाजला आणि बंद झाला.

जंगूनं मान वर केली आणि एवढ्या मोठ्यानं ओरडली, की बाकीच्यांचा आवाज तिच्या मागून आला.

"न्हाई!"

मी म्हणाले, "जेवा गं आता, निवलं सगळं."